हातातलं जीपीएस, खिशातलं होकायंत्र आणि सॅकमधला नकाशा : सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ट्रेकच्या आदल्या आठवड्यात फोनवर, नाहीतर पायथ्याच्या गावात चहा पिताना हमखास निघणारे हे प्रश्न. उत्तरं सह्याद्री डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. हिमालयात किंवा परदेशात गेल्यावर जिथं फरक पडतो, तिथं तसं सांगितलं आहे.

मोबाइलमध्ये जीपीएस असतंच. वेगळं यंत्र कशाला?

हिवाळ्यात एका दिवसाचा, मळलेल्या वाटेचा ट्रेक असेल तर नको. मोबाइल पुरतो. मोबाइलचं जीपीएस नेटवर्कशिवायही चालतं, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. रेंज नसताना पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ लागतो, इतकंच.

फरक कळतो तो पावसात. ओल्या काचेवर ओलं बोट फिरवून बघा. नकाशा एकीकडे पळतो, मधेच कॅमेरा उघडतो, पाण्याचा थेंब स्वतःच बटण दाबतो. हातातल्या यंत्राला खरीखुरी बटणं असतात, हातमोजे घालूनही दाबता येतात. बऱ्याच यंत्रांत दोन पेन्सिल सेल टाकले की साधारण वीसेक तास चालतात, संपले की दुसरे टाकायचे. आणि मुख्य म्हणजे मोबाइल तुमचा मदत मागायचा फोन आहे. दिवसभर नकाशा बघून त्याची बॅटरी संपवली, तर संध्याकाळी एखाद्याचा पाय मुरगळल्यावर हाका मारायच्या कुणाला?

मग यंत्र घेतलंच आहे, तर नकाशा आणि होकायंत्र कशाला बाळगायचं?

यंत्र एवढंच सांगतं की तुम्ही इथं आहात. ‘इथं’ म्हणजे कशाच्या अलीकडे, कशाच्या पलीकडे, उतरलो तर कुठल्या खोऱ्यात उतरू, हे कागदावरच्या नकाशात एका नजरेत दिसतं. दोन-अडीच इंचाच्या पडद्यावर वाट दिसेल इतकं जवळ घेतलं तर डोंगर दिसत नाही, आणि डोंगर दिसेल इतकं लांब नेलं तर वाट नाहीशी होते.

ही गोष्ट आम्ही पोथीतून नाही, फजितीतून शिकलो. ऑगस्टमध्ये खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालो होतो. तोलार खिंडीवरचा कातळटप्पा चढून पठारावर आलो आणि धुकं इतकं उतरलं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना. माझ्या हातात यंत्र, यंत्रात कुणीतरी जानेवारीत चालून नोंदवलेला ट्रॅक. मी मान खाली घालून त्या रेषेवर चालत होतो. गवत कमरेएवढं. रेषा डावीकडे दिसली की डावीकडे सरकायचं, उजवीकडे दिसली की उजवीकडे. अर्ध्या तासानं मागून एक जण म्हणाला, “दादा, आपण उतरतोय का?” उतरतच होतो. ढोरवाटेला लागलो होतो. रेषेपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर बाजूला, म्हणून यंत्रावर सगळं ठीकच वाटत होतं. होकायंत्र काढलं तर तोंड दक्षिणेला. देवळाकडची वाट साधारण पश्चिमेला जाते आणि दक्षिणेला आहे खिरेश्वरच्या बाजूचा कडा. नकाशा त्या दिवशी माझ्या सॅकमध्येच होता. तळाशी, डब्याच्या खाली.

मग बघायचा क्रम काय? आधी यंत्र की आधी नकाशा?

आधी नकाशावर बोट, मग यंत्र. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

खिंडीत पोचलात, ओढा ओलांडलात, वाटेला फाटा फुटला, की थांबा. यंत्र खिशातच राहू द्या. नकाशा होकायंत्राच्या उत्तरेला लावून धरा आणि ठरवा : अर्धा तास चाललो, साधारण दीडशे मीटर चढलो, डावीकडे दरी आहे, म्हणजे आपण या सोंडेवर, इथं असणार. तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारा. मग यंत्र काढा. फुली आणि यंत्र शंभर-एक मीटरमध्ये जुळले तर पुढे चला. नाही जुळले तर ‘नकाशा जुना आहे’ किंवा ‘यंत्र वेडं झालंय’ यातलं काहीही न म्हणता खाली बसा. दहातल्या नऊ वेळा चुकलेला आपला अंदाज असतो, आणि तो नेमका कुठे चुकला हे शोधताना जो डोंगर कळतो तो यंत्राकडे बघत चालून कधीच कळत नाही.

उलटा क्रम लावला, म्हणजे आधी यंत्र पाहून मग नकाशावर ती जागा शोधली, तर मेंदू काही कामच करत नाही. सेल संपेपर्यंत ते लक्षातही येत नाही.

‘गो टू’ दाबलं की बाण दिसतो. त्या बाणामागे जायचं ना?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून खालच्या बेलपाडा गावाचा वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवलेली खुणेची जागा, लावून बघा. बाण सरळ समोर दाखवेल, अंतरही थोडकंच. मध्ये कडा आहे, हे त्याला ठाऊक नाही. बाण कावळ्यासाठी असतो, माणसाला वळसा घालावा लागतो.

बाणाचा खरा उपयोग सपाट पठारावर धुकं असताना होतो, किंवा मुक्कामाची जागा दोनशे मीटरवर आहे पण अंधारात सापडत नाही अशा वेळी. एरवी यंत्रावरच्या अंतराला ‘हवाई अंतर’ समजा. गावातले मामा म्हणतात “अजून अर्धा तास”, यंत्र म्हणतं चारशे मीटर. मी दोन्हीकडे बघून चाललोय, मामाच बरोबर निघतात. ते अंतर पायांनी मोजतात, ओढ्यात उतरणं आणि पलीकडे चढणं त्यात धरलेलं असतं.

वेपॉइंट कुठे कुठे टाकावेत?

नवखे शिखरावर टाकतात. शिखर काय हरवणार आहे! टाका तिथं, जिथं परतताना चुकायला होईल. वाट ओढा सोडून डावीकडे चढते ती जागा. पठारावरून खाली उतरणारी नाळ जिथं सुरू होते ते तोंड. वरून सगळ्या घळी सारख्याच दिसतात. कातळटप्प्याचा माथा. पाण्याचं टाकं. शेवटचं घर.

फाट्याची एक युक्ती सांगतो. वेपॉइंट फाट्यावर टाकू नका. बरोबर वाटेवर वीस-तीस पावलं पुढे गेल्यावर टाका. फाट्यावरच टाकला तर दोन्ही वाटा तिथून तितक्याच लांब असतात आणि यंत्राची पाच-दहा मीटरची चूक धरली तर काहीच कळत नाही.

नावं जागीच द्या. यंत्र आपोआप ००१, ००२ करत जातं. रात्री नऊ वाजता टॉर्चच्या उजेडात ०१७ म्हणजे टाकं की घळ, हे कुणालाही आठवत नाही. ‘टाकं’, ‘नाळतोंड’, ‘आंबा’ एवढं पुरे.

नेटवरून उतरवलेला ट्रॅक किती भरवशाचा?

ज्यानं नोंदवला त्याच्याइतका. घरी बसून तो आधी नकाशावर पसरून बघा आणि काही गोष्टी विचारा. कुठल्या महिन्यातला आहे? मार्चमधला कोरडा ओढा जुलैत छातीएवढा असतो. चढायचा आहे की उतरायचा? काही वाटा चढायला सोप्या, उतरायला जीवघेण्या. त्याच्याकडे दोर होता का? अलंग-मदन-कुलंगचा ट्रॅक नकाशावर बाकीच्या ट्रॅकसारखाच निळ्या रेषेचा दिसतो, पण अलंग आणि मदनला दोर लावल्याशिवाय भागत नाही, हे रेषेत लिहिलेलं नसतं.

ट्रॅकमध्ये बिंदू किती आहेत तेही पाहा. जुनी यंत्रं ट्रॅक साठवताना बिंदू गाळायची, काही ठिकाणी फाइल लहान करण्यासाठी अजूनही गाळतात. मग नागमोडी वाटेची सरळ रेघ होते आणि ती रेघ थेट कड्यावरून जाते. त्या रेघेवर विश्वास ठेवून कारवीच्या रानात घुसलेली मंडळी मी बाहेर काढली आहेत. त्यांच्या हातांवर ओरखड्यांचा चांगला नकाशा उमटला होता.

पडद्यावर ‘अचूकता ५ मीटर’ दिसतं. खरंच तितकी असते?

उघड्या पठारावर साधारण तेवढी असते. पण तो आकडा यंत्राचा स्वतःविषयीचा अंदाज आहे, हमी नव्हे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. उंचीसकट जागा सांगायला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात, आणि ते आकाशात एकमेकांपासून लांब पसरलेले असले तर उत्तर चांगलं येतं. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती थांबल्यावर हातातली यंत्रं ट्रेकरच्या खऱ्या उपयोगाची झाली. आता रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू हेही एकत्र वापरता येतात आणि आपल्या नाविकचे उपग्रहही आहेत. त्यामुळे उघड्यावर उपग्रहांची चणचण राहिलेली नाही.

प्रश्न उपग्रह किती, हा नसून आकाश किती, हा असतो. साम्रदच्या सांधण दरीत शिरलात की वर आकाशाची एक फीत उरते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून आलेले संदेश यंत्र खरे मानतं, त्यांचा प्रवास लांबलेला असल्यानं जागाही सरकते. घरी येऊन ट्रॅक उघडला की दिसतं, आपण भिंतीतून आरपार चाललो होतो. अशा ठिकाणी यंत्र बघूच नका. घळीत वाट चुकायला जागाच नसते, तोंडं तेवढी लक्षात ठेवा.

बाकी, ढगांमुळे सिग्नल जातो ही समजूत चुकीची आहे. धुक्यात, पावसात जीपीएस चालतं. पानांनी गच्च भरलेलं ओलं रान मात्र थोडा त्रास देतं.

सुरू केल्यावर जागा सापडायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात. बिघडलंय का?

नाही. बरेच महिने कपाटात पडलेल्या किंवा बंद ठेवून लांब नेलेल्या यंत्राला कुठला उपग्रह कुठे असेल ते ठाऊक नसतं. ते उपग्रहांचं पंचांग आकाशातून उतरवून घेतं, आणि पूर्ण पंचांग उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून यंत्र पायथ्याच्या गावात, मोकळ्या अंगणात सुरू करून ठेवा. चहा होईपर्यंत तयार होतं. रानात शिरून मग सुरू करणारा माणूस सगळ्यांना खोळंबून ठेवतो.

उंची नेहमी चुकीची दाखवतं. असं का?

नुसत्या उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा कच्ची असते, कारण सगळे उपग्रह वरच्या बाजूला, खाली एकही नाही. हवेचा दाब मोजणारं यंत्र असेल तर उंची पुष्कळ चांगली मिळते, पण त्याला वेळोवेळी खरी उंची सांगावी लागते. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर, तोरण्याच्या माथ्यावर १४०३ मीटर, किंवा नकाशावर उंची छापलेली कुठलीही खिंड मिळाली की ती भरून घ्यायची.

का भरायची, तर दाब दिवसभर एकसारखा नसतो. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. फरक तीन-चार मिलिबारचा, आणि एक मिलिबार म्हणजे आठ-नऊ मीटर. म्हणजे गुहेत सकाळी दहाला आडवे झालात आणि चारला उठलात, तर यंत्राच्या मते झोपेत तुम्ही पंचवीस-तीस मीटर चढलेले असता.

तरीही डोंगरात मला सगळ्यात उपयोगी आकडा उंचीचाच वाटतो. एकाच सोंडेवरून चढताना उंची कळली की नकाशावरची जागा कळलीच. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी नकाशावरची रेषा, आणि सोंड जिथं एकमेकींना छेदतात, तिथं तुम्ही.

नकाशा कुठला घ्यायचा?

भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, दोन समोच्च रेषांत वीस मीटरचं अंतर. एक शीट पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांशाची असते. जुन्या क्रमांकांनुसार हरिश्चंद्रगड ४७ ई मध्ये, राजगड ४७ एफ मध्ये. गंमत म्हणजे राजगड-तोरणा ही सगळ्यांची आवडती जोडी दोन शीटच्या सांध्यावर आली आहे. राजगड सांध्याच्या जरा खाली, तोरणा वर. एकच शीट घेऊन निघालात तर अर्धी वाट कागदाबाहेर. दोन्ही कापून, चिकटवून घ्या.

रंगांत एक खुबी आहे. बारमाही पाणी निळ्या रेषेनं दाखवतात, पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळ्या रेषेनं. नवख्याला ती काळी रेष वाट वाटते. जुलैत ‘वाटेनं’ चढायला गेलात तर धबधब्याखाली पोचाल.

घरी छापणार असाल तर छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर प्रमाण बिघडतं आणि पट्टीनं मोजलेलं प्रत्येक अंतर खोटं ठरतं. छापल्यावर नकाशावरच्या चौकटीची बाजू पट्टीनं मोजून खात्री करा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, बाहेरून वाचता येईल असा घडी घालून.

यंत्रातल्या नकाशातही समोच्च रेषा असतात. त्या चालत नाहीत का?

चालतात, पण त्या आल्या कुठून ते समजून घ्या. फुकट मिळणाऱ्या बहुतेक नकाशांतल्या समोच्च रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानानं रडारनं केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात. त्यात जमिनीचे तीस किंवा नव्वद मीटरचे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. देशावर हे ठीक आहे. सह्याद्रीच्या कड्याचं मात्र यात लोणी होतं. उभी भिंत नकाशावर तीव्र उतार म्हणून दिसते, जणू झाडांना धरून उतरता येईल.

टोपोशीटवर कडा वेगळ्या खुणेनं काढलेला असतो, म्हणून ती जास्त खरी. पण तिचंही सगळं मानू नका. वीस मीटरच्या दोन रेषांच्या मध्ये पंधरा मीटरचा उभा कातळ आरामात लपतो. तो ना यंत्रात दिसतो, ना नकाशात. तो गावातल्या माणसाला माहीत असतो.

जुन्या टोपोशीटवर यंत्राची जागा शंभर मीटर सरकलेली दिसते. कोण चुकतंय?

कुणीच नाही. दोघांची पृथ्वी वेगळी आहे. जुनी शीट एव्हरेस्ट १८३० या मापावर आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या आधारबिंदूवर बेतलेली आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्या सह्याद्रीत दोहोंत शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. शंभर मीटर म्हणजे धारेच्या या अंगाला की त्या अंगाला.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेली ‘ओपन सीरिज’ शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत. ती घ्या, आणि यंत्रातली डेटमची (पृथ्वीचं कुठलं माप धरायचं त्याची) सेटिंग डब्ल्यूजीएस ८४ वरून हलवू नका. यंत्राच्या यादीत ‘इंडियन’ नावाचे पर्याय दिसतात म्हणून देशप्रेमानं ते निवडणारे भेटले आहेत. ते पर्याय बहुधा शेजारच्या देशांसाठी असतात.

अक्षांश-रेखांश तीन-चार प्रकारांनी लिहिलेले दिसतात. कुठला वापरायचा?

कुठलाही, पण सगळ्या गटानं एकच. आणि फोनवर सांगताना तो कुठला आहे हे आधी सांगा.

हरिश्चंद्रगडाचा अक्षांश दशांशात साधारण १९.३९ अंश. अंश-मिनिटांत तोच १९ अंश २३.४ मिनिटं. आता घाबरलेल्या माणसानं फोनवर “एकोणीस एकोणचाळीस” सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं १९ अंश ३९ मिनिटं लिहून घेतले, तर मदतीला निघालेली मंडळी सुमारे २९ किलोमीटर उत्तरेला जातील. म्हणून एकेक अंक सुटा वाचा, “दशांश अंशात सांगतोय” हे शब्द उच्चारा, समोरच्याकडून परत वाचून घ्या. आणि शेवटी माणसांच्या भाषेत सांगा : तोलार खिंडीच्या वर, दुसऱ्या ओढ्याच्या अलीकडे. आकडा चुकला तरी ते वाक्य पोचवतं. संकटात ११२ फिरवा आणि पायथ्याच्या गावातल्या पोलीस पाटलाचा नंबर निघण्याआधीच घेऊन ठेवा.

नकाशावर किलोमीटरच्या चौकटी असतील तर यूटीएम पद्धत मला सगळ्यात सोपी वाटते. तीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगतात, म्हणून ती साध्या पट्टीनं काढता येते. सह्याद्री ४३ व्या पट्ट्यात येतो. नागपूरकरांनी मात्र ४४ लक्षात ठेवायचा, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला पट्टा बदलतो.

होकायंत्र कुठलं? यंत्रातच आहे की.

यंत्रातलं सेलवर चालतं, सेल बदलले की पुन्हा जुळवावं लागतं. स्वस्त यंत्रांत तर ते नसतंच. त्यांचा बाण तुम्ही चालत असाल तेवढाच खरा, थांबलात की काहीही दाखवतो. म्हणून एक साधं, पारदर्शक पट्टीचं, द्रव भरलेलं होकायंत्र गळ्यात असू द्या.

गळ्यात म्हणतोय, मोबाइलच्या खिशात नाही. मोबाइलच्या स्पीकरमध्ये आणि झाकणाच्या कव्हरमध्ये चुंबक असतं. त्याला चिकटून महिनाभर राहिलेल्या होकायंत्राची सुई उलटी होऊ शकते, म्हणजे लाल टोक दक्षिण दाखवतं. माझ्या एका मित्राचं झालं होतं. सूर्य मावळताना पूर्वेला कसा, म्हणून आम्ही बराच वेळ वाद घातला. ट्रेकला निघण्यापूर्वी गच्चीत एकदा उत्तर तपासा. पोलादी हुक, टॉर्च, गाडीचं बॉनेट यांपासून लांब धरा. आपला कातळ बेसॉल्टचा, त्यात लोहचुंबकी खनिज असतं. एखाद्या खडकावर टेकवलं की सुई भरकटते, म्हणून उभं राहून छातीशी धरून वाचा.

खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतल्या फरकाला चुंबकीय दिक्पात म्हणतात. महाराष्ट्रात तो एक अंशाहूनही कमी आहे, विसरलात तरी चालेल. हिमाचल-लडाखकडे दोन-तीन अंश पूर्व. पण सिएटलला राहणाऱ्या भाच्यानं तिथं हाच हिशेब लावला तर तो फसेल, तिथं पंधरा अंशांच्या घरात आहे आणि न्यूझीलंडमध्ये वीसच्या वर. एक अंशाची चूक किलोमीटरला साडेसतरा मीटर बाजूला नेते, त्यावरून पंधरा अंशांचं काय होईल ते बघा. आणि भाच्यानं तिकडून होकायंत्र भेट आणलं तर सुई अडकते का तेही पाहा. उत्तर अमेरिकेत सुई जास्त झुकते म्हणून ती तिथल्या मानानं तोललेली असते.

यंत्र बंद पडलं. आता?

हवा स्वच्छ असेल तर हा धडा मजेचा आहे. समजा, राजगडाच्या बालेकिल्ल्यावर आहात. वायव्येला, जरा पश्चिमेकडे झुकलेला तोरणा. ईशान्येच्या अलीकडे, उत्तरेकडे सिंहगड; त्याच्यावरचा दूरदर्शनचा मनोरा लांबून ओळखू येतो. होकायंत्रानं दोन्हींची दिशा घ्या आणि नकाशावर त्या गडांतून उलट्या रेषा ओढा. दोन्ही रेषा जिथं छेदतील तिथं तुम्ही. तोरणा आणि सिंहगड राजगडावरून जवळजवळ काटकोनात दिसतात, म्हणून छेद स्पष्ट येतो. पूर्वेचा पुरंदर तिसरा घेतलात तर त्रिकोण किती लहान येतो त्यावरून हाताची सफाई कळते. ओळखीच्या जागेवर हे आधी करून बघा, म्हणजे अनोळखी जागेवर जमेल.

धुकं असेल तर यातलं काही चालत नाही. तेव्हा शेवटची खात्रीची जागा कुठली होती, तिथून किती वेळ, कुठल्या दिशेनं आलो, याचा विचार करा आणि आल्या वाटेनं मागे जा. पठारावरून गाडीरस्ता किंवा ओढा गाठायचा असेल तर नेमका नेम धरू नका, मुद्दाम थोडं एका बाजूला धरून चाला. म्हणजे रस्ता लागल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हा प्रश्न उरत नाही. उताराला लागून ‘खाली गाव असेलच’ म्हणत ओढ्यात शिरायचं नाही. सह्याद्रीतला ओढा कड्यावरून उडी मारतो, आपण मारू शकत नाही.

सेल कुठले?

चार्ज होणारे चांगले, जोडीला एक न उघडलेलं अल्कलाइन पाकीट. गावातल्या टपरीवरचे घड्याळाचे स्वस्त सेल तासा-दोन तासांत मान टाकतात. हिमालयात थंडीसाठी लिथियमचे. यंत्रात सेलचा प्रकार निवडायची सेटिंग असते, ती चुकली तर बॅटरीचा पट्टा खोटं बोलतो.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेऊ का? परदेशात सगळे वापरतात.

भारतात नको. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय इथं बाळगणं बेकायदा आहे. परदेशी पर्यटकांनाही विमानतळावर यावरून अटक झाली आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बॅग भरण्याआधीच सांगा. नुसतं जागा दाखवणारं जीपीएस वेगळं. ते फक्त ऐकतं, बोलत नाही.

हे सगळं आलं तर वाटाड्या नको ना?

नव्या घाटवाटेला घ्याच. पंधरा मीटरचा लपलेला कातळ, गेल्या पावसात कोसळलेली दरड, या महिन्यात आटलेलं टाकं हे त्यालाच माहीत असतं. मी मामांबरोबर चालताना नकाशावर त्यांची नावं लिहून घेतो. टोपोशीटवर नुसती उंची छापलेल्या टेपाडाला त्यांच्याकडे नाव असतं, आणि पुढच्या वेळी वाट विचारताना आकडा कामाला येत नाही, नाव येतं.

सराव कुठे करायचा?

घराजवळची कुठलीही टेकडी. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी उत्तम, पाऊलवाटांचं जाळं आहे आणि चुकलात तरी रिक्षा मिळते. यंत्र सुरू करून ट्रॅक नोंदवत सॅकमध्ये टाका आणि परत येईपर्यंत काढू नका. नकाशा आणि होकायंत्रावर चाला, दर पंधरा मिनिटांनी ‘मी इथं’ अशी फुली मारा, शेजारी वेळ लिहा. घरी येऊन ट्रॅकमधून त्याच वेळेची जागा काढा आणि कागदावर दुसऱ्या रंगानं मांडा. माझ्या पहिल्या कागदावर दोन रंगांत तीनशे मीटरचं अंतर होतं, आणि एक फुली तर शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर पडली होती.